अरकाटी, दप्तर आणि माणूस

मराठीत गिरमिट म्हटले की सुताराच्या हातातले भोक पाडायचे हत्यार डोळ्यांसमोर येते. भोजपुरी मुलखातल्या शेतकऱ्याला हा शब्द निराळ्याच वाटेने मिळाला. ज्या करारावर त्याने अंगठा उठवला त्याचे इंग्रजी नाव 'ॲग्रीमेंट'. त्याच्या जिभेवर त्याचे गिरमिट झाले, आणि गिरमिट करून समुद्रापार गेलेला माणूस गिरमिटिया झाला. एखाद्या लोकसमूहाने आपले नाव गावावरून घेतलेले आपण पाहतो; जातीवरून, धंद्यावरून, देवावरून घेतलेलेही पाहतो. पण आपले नाव एका कागदावरून घेणारा समूह विरळाच. १८३४ पासून १९१७ पर्यंत मॉरिशस, गियाना, त्रिनिदाद, नाताळ, सुरिनाम, फिजी इत्यादी ठिकाणच्या मळ्यांवर दहा लाखांहून अधिक माणसे हिंदुस्थानातून गेली. त्यांच्याविषयी जे साहित्य निर्माण झाले आहे त्याचा विचार करताना हा कागद दृष्टीआड करता येणार नाही, असे मला वाटते.

या साहित्याची चर्चा बहुधा दुःखाच्या भाषेत होते. लेखकाने हाल किती प्रभावीपणे रंगवले, चाबकाचा आवाज वाचकाच्या कानांत किती वेळ घुमत राहिला, यावर पुस्तकाची किंमत ठरते. वास्तविक हाल हा या कथेचा विशेष नव्हे. दुष्काळात माणसे मरतात, सावकाराच्या पाशात मरतात, पटकीने मरतात. त्यांचेही हालच असतात. गिरमिटाचा विशेष असा की हे दुःख संघटित होते. त्याला कायदा होता, कचेरी होती, दर होता, नोंदवही होती. तेव्हा या साहित्याला विचारायचा पहिला प्रश्न असा : दुःखामागची ही रचना लेखकाला दिसली आहे काय? आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड : ती दिसत असतानाही त्याला माणूस दिसत राहिला आहे काय?

*

ही रचना कशी होती ते थोडक्यात पाहिले पाहिजे. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपण्याची वाट मोकळी झाली, आणि साखरेच्या मळेवाल्यांना मजुरांची चिंता पडली. जानेवारी १८३६ मध्ये जॉन ग्लॅडस्टन या मळेमालकाने कलकत्त्यातील एका व्यापारी पेढीला पत्र लिहून, आपल्या डेमेरारातील मळ्यांसाठी शंभरेक मजूर मिळतील काय, अशी विचारणा केली. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा हा बाप. पेढी मॉरिशसला माणसे पाठवीतच होती. तिने होकार दिला, आणि डोंगराळ भागातील हे मजूर माणसापेक्षा माकडाला अधिक जवळचे आहेत अशा अर्थाचा निर्वाळाही दिला. १८३८ च्या मे महिन्यात पहिली दोन जहाजे गियानाला लागली. आरंभीच्या अनाचारांवर इतका ओरडा झाला की १८३९ मध्ये ही निर्यात बंद करावी लागली. १८४२ मध्ये ती मॉरिशसपुरती पुन्हा सुरू झाली, ती सरकारी देखरेखीची झूल पांघरून. पुढील पाऊणशे वर्षे जे चालले ते बेकायदेशीर नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कलकत्त्यात प्रत्येक वसाहतीचा एजंट असे. त्याच्या हाताखाली जिल्ह्याजिल्ह्यांतून पोट-एजंट. त्यांच्या खाली परवानाधारक भरती करणारे. आणि अगदी तळाशी, बाजारात, धर्मशाळेत, तीर्थाच्या घाटावर हिंडणारा, बहुधा बिनपरवान्याचा अरकाटी. माणशी दलाली ठरलेली. बाईमागे ती अधिक, कारण शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवल्याच पाहिजेत असा नियम होता. मॅजिस्ट्रेटसमोर नोंद होई. मग कलकत्त्याचा डेपो, डॉक्टरची तपासणी, प्रवाशांच्या हितासाठी नेमलेल्या संरक्षक अधिकाऱ्याची सही, आणि जहाज. जहाजावरच्या सर्जनला मेहनताना मिळे तो पलीकडे जिवंत उतरलेल्या माणशी. तिकडे पाच वर्षांचे बंधन. फिजीत पुरे काम केल्यास पुरुषाला दिवसाला एक शिलिंग. काम चुकले तर दिवाणी दावा नव्हे, फौजदारी शिक्षा.

या साखळीकडे पाहिले म्हणजे लेखकापुढची अडचण लक्षात येते. हिच्यात कोणीच पुरता अपराधी नाही. एजंटाने फक्त मागणी कळवली, मॅजिस्ट्रेटने फक्त विचारले, डॉक्टरने फक्त नाडी पाहिली, कारकुनाने फक्त लिहून घेतले. कथा-कादंबरीला खलपुरुष हवा असतो. तो या साखळीत शोधू गेले तर हाती लागतो तो सर्वांत खालचा, सर्वांत स्वस्त माणूस — अरकाटी. म्हणूनच या विषयावरील लोकगीतांपासून नाटकांपर्यंत सगळीकडे शिव्या खायला अरकाटीच उभा असतो. तो लबाड होता यात संशय नाही. परंतु त्याच्या लबाडीवर सर्व भार टाकला की वरची सारी माणसे स्वच्छ हातांनी सुटतात.

*

ही चूक ज्याने केली नाही असा पहिला मोठा माणूस लेखक नव्हता, आणि तो कोकणातला होता. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळकडे होणारी मजूरभरती थांबवण्याचा ठराव मांडला. सरकारने तो मान्य केला, आणि १९११ च्या जुलैपासून ती भरती थांबली. मग ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी पद्धतच रद्द करण्याचा ठराव आणला. तो सरकारी बहुमतापुढे पडला. पण त्या प्रसंगीचे त्यांचे भाषण आजही निबंध म्हणून वाचण्याजोगे आहे. गोखल्यांचे वक्तृत्व कोरडे, आकड्यांनी भरलेले, अशी त्यांच्या हयातीतही तक्रार होती. इथे तो कोरडेपणाच उपयोगी पडला आहे. ते अरकाट्यावर थांबत नाहीत. अनोळखी मुलखात, अनोळखी भाषेत, न कळलेल्या कायद्याखाली नेलेल्या अडाणी माणसाचा करार हा करारच नव्हे. साध्या कामचुकारपणाला तुरुंग दाखवणारा कायदा हा मजुरीचा कायदाच नव्हे. आणि वसाहतींतील आत्महत्यांचे प्रमाण ही अपघाताची गोष्ट नव्हे — अशा पायऱ्यांनी ते चढत जातात. त्यांची सामग्री विरुद्ध पक्षाची असते. सँडरसन समितीने १९१० मध्ये ही पद्धत चालू ठेवावी असा अभिप्राय दिला होता. गोखले सरकारी अहवालांतील आकडेच सरकारपुढे ठेवतात. त्यांना माणसे वाईट आहेत असे म्हणायचे नाही. माणसे चांगली असली तरी ही पद्धत वाईटच फळे देईल, असे म्हणायचे आहे.

या भाषणाची मर्यादाही याच गुणातून येते. त्यात पद्धत संपूर्ण दिसते, माणूस मात्र एकही दिसत नाही. वकिलाच्या कामात ते उणे नाही. ती उणीव भरण्याचे काम साहित्याचे होते.

*

दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, हिंदीत 'फिजी द्वीप में मेरे इक्कीस वर्ष' हे छोटे पुस्तक निघाले. तोताराम सनाढ्य हे १८९३ साली फिजीला गेलेले गिरमिटिया. परत आल्यावर त्यांनी सांगितलेली हकीकत बनारसीदास चतुर्वेदींनी लिहून काढली. या पुस्तकाचा परिणाम मोठा झाला. चळवळीच्या दिवसांत ते शस्त्रासारखे वापरले गेले. मात्र आज ते पुन्हा वाचताना जे लक्षात राहते ते त्यातील आवाहन नव्हे. मॅजिस्ट्रेटसमोरच्या नोंदणीचा प्रसंग लक्षात राहतो. विचारतील त्याला 'हो' म्हणायचे, एवढे आधी पढवून ठेवलेले. आणि वीसेक मिनिटांत १६५ माणसांची नोंद संपते. वाचकाने भागाकार करून पाहावा. माणशी सात सेकंद येतात. सात सेकंदांत एक मनुष्य आपल्या पुढच्या पाच वर्षांना, आणि बहुधा जन्मभराला, संमती देतो. सनाढ्यांनी यावर भाष्याचा डोंगर रचला असता तरी या दोन आकड्यांची बरोबरी झाली नसती. गोखल्यांच्या भाषणात जी रचना दिसते ती इथे एका माणसाच्या अंगावरून जाताना दिसते.

तथापि हे पुस्तक दोन हातांचे आहे आणि हे दोन हात नेहमी एका दिशेने चालत नाहीत. अनुभव सांगणारा हात बारकावे टिपतो. चळवळीसाठी लिहिणारा हात त्यांतून निरागस बळीची मूर्ती घडवतो. कुंतीची हकीकत याचे उदाहरण. १९१३ मध्ये फिजीच्या एका मळ्यावर, एकांतात काम दिलेल्या या मजूर स्त्रीने गोऱ्या मुकादमाच्या हातून सुटण्यासाठी नदीत उडी घेतली, आणि एका मुलाने तिला वाचवले. ही घटना हिंदुस्थानभर गाजली. पण गाजली ती कोणत्या रूपात? अब्रू राखणाऱ्या सतीच्या. कुंती ही पाच वर्षांच्या करारात अडकलेली कामगार होती, रोजच्या रोज कुदळ मारीत होती, तिच्या कामाची वाटणीच तिला एकटी पाडण्यासाठी वापरली गेली होती, हा भाग मागे पडला. चळवळीला हे रूप लागत होते. १९१६ मध्ये मालवीयांचा ठराव सरकारने तत्त्वतः स्वीकारला, १९१७ मध्ये भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करार रद्द झाले. एवढे यश पदरात असल्यावर त्या पिढीला दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यायचा तो पुढच्या लेखकांना, ज्यांनी चळवळीची गरज संपल्यावरही तीच मूर्ती पूजेला ठेवली.

कारण संशोधनाने ती मूर्ती केव्हाच हलवली आहे. गिरमिटियाचा नातू असलेल्या ब्रिज लाल या इतिहासकाराने कलकत्त्याहून फिजीला गेलेल्यांचे ४५ हजारांहून अधिक परवाने तपासून १९८३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, ठाणे, उंची, अंगावरील खूण — असा तो प्रत्येक परवाना. त्यांतून दिसले ते असे, की जाणारे कोणत्याही एका हीनदीन थरातले नव्हते; उत्तर हिंदुस्थानातील खेड्यांचा तो सर्व जातींचा नमुना होता, आणि त्यांतले कित्येक कामाच्या शोधात आधीच घराबाहेर पडलेले होते. फसवणूक होतीच. पण फसवले गेलेल्यांनाही स्वतःची इच्छा होती, हिशेब होता, सुटायचे होते. ज्याला आपण केवळ बळी म्हणतो त्याचा हा हिशेब आपण पुसून टाकतो. मॅजिस्ट्रेटला त्याची इच्छा जाणून घ्यायची नव्हती. आपल्यालाही नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

*

मॉरिशसचे हिंदी कादंबरीकार अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना' (१९७७) ही या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध हिंदी कादंबरी. अनत त्याच मातीतले, आणि त्यांचा मळा बाहेरून पाहिलेला नाही. कुंदन, किसन आणि पुढच्या पिढीतला मदन यांच्या कथेत ऊस, कोठी, बैठका आणि भीती यांचे सलग जग उभे राहते. या जगात गोऱ्या मालकापेक्षा अधिक जवळून दिसतो तो सरदार. मराठी वाचकाला हा शब्द अडखळवील. आपल्याकडे सरदार म्हणजे शिंदे-होळकर. मळ्यावर सरदार म्हणजे आपल्याच माणसांची टोळी हाकणारा, आपल्यातूनच निवडलेला माणूस. साखळीची शेवटची कडी नेहमी पकडलेल्यांच्याच धातूची करावी लागते, हे अनतांनी ओळखले आहे.

मात्र कादंबरी जसजशी प्रतिकाराकडे वळते तसतशी तिची माणसे सभेत बोलू लागतात. मॉरिशसमध्ये एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत; जुन्या मजुरांना १८६७ नंतर छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगल्याशिवाय रस्त्याने चालता येत नसे; आणि १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी आदोल्फ द प्लेवित्झ याच्या साह्याने गव्हर्नरकडे अर्ज केला तेव्हा चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमावे लागले. हा अर्ज म्हणजे कागदाला कागदाने दिलेले उत्तर होते. या शांत, चिवट, हिशेबी प्रतिकारापेक्षा अनतांना पेटलेला प्रतिकार अधिक भावतो. परिणामी पात्रांचा आवाज मोठा होतो आणि त्यांचे चेहरे धूसर होतात.

अमिताव घोष यांच्या 'सी ऑफ पॉपीज' (२००८) या इंग्रजी कादंबरीचे बळ नेमके उलट आहे. ती मळ्यावर पोचतच नाही. १८३८ साली मॉरिशसला निघालेले 'आयबिस' जहाज समुद्रात असतानाच पहिला खंड संपतो. पण गाझीपूरची अफूची शेती, अफूचा कारखाना, कलकत्त्याची पेढी आणि मजुरांचे जहाज ही एकाच धंद्याची अंगे आहेत हे या कादंबरीने जितके स्पष्ट दाखवले तितके अन्य कोणी दाखवलेले मला आढळले नाही. गव्हाच्या जागी खसखस लावावी लागलेला शेतकरी अरकाट्याला भेटण्यापूर्वीच घराबाहेर काढला गेलेला असतो. नायिका दीती तर नवऱ्याच्या चितेवरून उठून पळालेली. तिच्या दृष्टीने जहाज हे फसवणूक नाही, वाट आहे. निरागस बळीच्या कल्पनेला इतके सहज बाजूला सारणारे पात्र या साहित्यात दुसरे नाही.

घोषांची अडचण त्यांच्या समृद्धीची आहे. भाषा, पोशाख, शिव्या, पदार्थ यांचा बाजार इतका भरतो की दप्तराचा थंडपणा त्यात टिकत नाही. बाबू नोबकिसिन हा पेढीचा गुमास्ता. मजूर पाठवण्याची व्यवस्था त्याच्या हाती. म्हणजे या साखळीचे मर्म. परंतु लेखक त्याला भक्तीच्या झटक्यांत सापडलेला विनोदी पुरुष करतो. आपण हसतो, आणि हसता हसता त्याच्या वहीत काय लिहिले आहे ते पाहायचे राहून जाते. शेवटी काहीजण होडीतून निसटतात. कादंबरीला ते शोभते. इतिहासात होड्या इतक्या सहज सुटल्या नाहीत.

*

या दोन टोकांमध्ये गायुत्रा बहादुर यांचे 'कूली वूमन' (२०१३) हे पुस्तक मला अधिक मोलाचे वाटते. ते कादंबरी नव्हे. लेखिकेची पणजी १९०३ मध्ये कलकत्त्याहून गियानाला गेली — एकटी, आणि गरोदर. तिने मागे ठेवलेला पुरावा म्हणजे परवान्यावरील काही ओळी. एखाद्या कादंबरीकाराने या ओळींमध्ये कल्पनेने रक्त भरले असते. बहादुर तसे करीत नाहीत. त्या प्रश्न विचारतात. ती का निघाली? कोणाला टाळून? तीर्थावर हरवली, की स्वतःहून वाट बदलली? प्रश्नांमागून प्रश्न येतात आणि उत्तर येत नाही. कारकुनाने जी जागा कोरी ठेवली ती लेखिका कोरीच ठेवते. पण आता त्या कोरेपणाला एका माणसाची आकृती आलेली असते. कागदाने जेवढे लिहिले तेवढीच ती बाई नव्हती, हे वाचकाला कळते, आणि जे लिहिले नाही ते आपल्या मनाने भरून टाकण्याचा हक्क आपल्यालाही नाही, हेही कळते. आरंभी विचारलेल्या दोन्ही प्रश्नांना होकारार्थी उत्तर देता येईल असे हे पुस्तक आहे.

*

हे सर्व मराठी दिवाळी अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. गिरमिटाची मोठी बंदरे कलकत्ता आणि मद्रास ही होती, हे खरे. परंतु मॉरिशसला मुंबईहूनही जहाजे गेली, आणि त्यांतून रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे गेली. त्यांचे वंशज आज तिथे आहेत. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या शाळांतून मराठी शिकवली जाते. कोकणातल्या जाखडीचे बोल तिथे टिकून राहिले. रामजी, भिवाजी अशी पणजोबांची नावे कारकुनाच्या रकान्यातून आडनावे बनून बाहेर पडली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात त्या नोंदवह्या आहेत, आणि उतरलेल्यांची छायाचित्रेही.

कोकणातून बाहेर पडलेला माणूस आपल्या साहित्याला अपरिचित नाही. पण चाकरमानी म्हटले की आपल्या मनात मुंबईची गिरणी आणि चाळ उभी राहते. पोर्ट लुईच्या धक्क्याच्या पायऱ्या उभ्या राहत नाहीत. जो मनिऑर्डर पाठवतो आणि शिमग्याला परत येतो तो आपला. जो परत आला नाही तो आपल्या गोष्टीतूनही गेला. ज्या मुलखाने गोखले दिला त्या मुलखाच्या भाषेने या माणसांकडे पाठ फिरवावी हे मला खटकते.

आणि हा केवळ पूर्वजांच्या ऋणाचा प्रश्न नाही. बीडकडून दर हंगामाला साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या टोळ्यांना मुकादम असतो, उचल असते. आणि नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. ही गिरमिटाची पद्धत नव्हे. तिथे समुद्र नाही आणि मोडल्या कराराला तुरुंग नाही. पण माणसाला हत्याराच्या नावाने मोजणारी वही ओळखीची आहे. या टोळ्यांवर लिहिणारा मराठी लेखकही बहुधा मुकादमापाशीच थांबण्याचा धोका असतो, कारण मुकादम दिसतो, बोलतो, शिवी देतो. उचलीचा पैसा कोठून निघाला आणि कोणकोणत्या सह्यांतून खाली आला, हे दाखवायला निराळी नजर लागते. ती नजर गोखल्यांच्या भाषणात आहे. आणि ती असूनही माणूस हरवू न देण्याचा संयम बहादुरांच्या प्रश्नांत आहे. या दोहोंची गाठ मराठी गद्यात पडायची आहे. ती ज्याच्या हातून पडेल त्याने मोक्याच्या नोंदवह्यांत आधी रामजी-भिवाजी शोधावेत. नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरील खूण, एवढे तिथे लिहिलेले सापडेल. उरलेले काम त्याचे.